जुन्या बुलेटचा मागचा शॉकअप सारखा गळतोय? नवा आणण्याआधी हे मोजा

तक्रार बहुतेक वेळा एकच असते. जुनी बुलेट घेतली, मागची बाजू कापून कॅफे रेसर नाहीतर बॉबर केली, नवे शॉकअप टाकले. थोड्याच दिवसांत एका बाजूचा गळायला लागला. बदलला. पुन्हा त्याच बाजूचा गळला. मग कुणीतरी म्हणालं माल डुप्लिकेट आहे, म्हणून महागाची जोडी आणली. ती जरा जास्त टिकली, पण गेलीच. सोबत शॉकअपच्या टोकांना असलेल्या बुशाचं रबर फाटणं, खड्ड्यात टायर मडगार्डला घासणं, सत्तरच्या पुढे मागचं चाक डोलणं हेही चालूच असतं.

एकाच बाजूचा शॉकअप दुसऱ्यांदा गेला की तिसरा विकत आणायचा नाही, हा माझ्याकडचा नियम. शॉकअप मार खाणारा असतो, मारणारा दुसराच कुणीतरी असतो. त्याला वर-खाली धरणाऱ्या चार जागा मोजल्याशिवाय एक रुपया खर्च करू नये.

मी वाळूजला टूलरूममध्ये नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये जुन्या गाड्या उघडून बसतो. संभाजीनगर, जालना, बीड, अंबाजोगाई अशा ठिकाणांहून गाड्या येतात. त्यांत बुलेट जास्त, मग येझदी आणि राजदूत. खाली बुलेट समोर ठेवून लिहिलंय, पण मागे चिमटा, म्हणजे स्विंग आर्म, आणि दोन शॉकअप असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीला हेच लागू पडतं.

गेलेला शॉकअप आधी नीट बघा

काढण्याआधी दोन्ही शॉकअपच्या बाहेरच्या अंगाला खडूनं खूण करा. ही खूण नसेल तर पुढचा सगळा तपास वाया जातो. मग स्प्रिंग काढा. ती स्प्रिंग कॉम्प्रेसर लावूनच काढायची. दोघांनी दाबून धरायची आणि तिसऱ्यानं कॉलर ओढायची, असले प्रकार नकोत, सुटली तर तोंड फोडते. रॉड रॉकेलनं पुसा, उन्हात न्या आणि हळूहळू फिरवत बघा.

चांगल्या रॉडचं क्रोम चारी बाजूंनी सारखं चमकतं. रॉडवर बाजूनं दाब येत असेल तर एकाच अंगाला एक उभी, मळकट रुपेरी पट्टी उतरलेली दिसते. नख आडवं ओढलं की पट्टीच्या काठाशी ते किंचित अडतं. सीलची कड उलटवून बघितली तर ती नेमकी त्याच अंगाला खाल्लेली असते, उरलेली कड जवळजवळ नवी.

आता खडूची खूण कामाला येते. पट्टी गाडीच्या आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला असेल तर वरचा आणि खालचा माउंटिंग एका रेषेत नाही, किंवा स्टड, म्हणजे शॉकअप जिच्यावर चढतो ती खुंटी, वाकडी आहे. पट्टी पुढच्या किंवा मागच्या अंगाला असेल तर शॉकअप आपल्या बुशावर फिरत नाहीये. चिमटा वर-खाली होताना शॉकअपचा कोन सतत थोडा बदलतो. बुश जखडलेलं असलं की तो कोन रॉडला वाकवूनच भरून निघतो. पट्टी कुठेच नाही, पण सगळीकडे बारीक उभे ओरखडे आहेत, तर धूळ आत जातेय; डस्ट कव्हर काढून टाकलेल्या 'उघड्या स्प्रिंग'च्या गाड्यांना हे हमखास होतं. आणि रॉड स्वच्छ, पण बंप रबराचा, म्हणजे शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणाऱ्या रबराचा, चुरा झालाय, तर शॉकअप तळाला आपटतोय. त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे येईल.

अंबाजोगाईहून आलेल्या एका बुलेटचा उजवा शॉकअप असाच गळत होता. मालकाचा पहिला प्रश्न, "भाऊ, इतका भारीचा टाकला तरी कामून गळतोय?" रॉडवर बाहेरच्या अंगाला पट्टी होती. गाडीची मागची नळी कापून सीटसाठी गोल लूप वेल्ड केला होता, आणि वरचे माउंटिंग त्या वेल्डिंगपासून जेमतेम चार बोटं लांब. लूप दोन्हीकडून एकदम न भरता आधी पूर्ण उजवीकडे आणि मग डावीकडे भरला की नळी ओढली जाते. इथे तेच झालेलं.

ओळंबा, पाणसळ आणि दोन पट्ट्या

गाडी मेन स्टँडवर, सपाट शहाबादी फरशीवर उभी करा. पाणसळ चिमट्याच्या पिव्हॉट बोल्टच्या रेषेत आडवी धरा आणि स्टँडच्या एका पायाखाली पत्र्याचे तुकडे सरकवत चेसी आडव्यात आणा. फरशी कितीही सपाट दिसली तरी हे करायचंच. मागचं चाक काढा, दोन्ही शॉकअप काढा, चिमटा दोरीनं टांगून ठेवा.

वरच्या स्टडवर, बुश जिथे बसतं त्या जागेच्या बरोबर मध्यावर दोरा बांधून ओळंबा सोडा. खालच्या माउंटिंगची मध्यरेषा आणि दोरा यांच्यातलं आडवं अंतर मोजा. दोन्ही बाजूंना. एक-दीड मिमीचा फरक रबरी बुश पोटात घालतं. तीन मिमीच्या वर गेला की रॉडवर पट्टी पडणार हे धरून चाला. अंबाजोगाईच्या गाडीला डावीकडे दीड मिमी होतं आणि उजवीकडे सहा. मग स्टडवरच छोटी पाणसळ ठेवून तो आडवा आहे का बघा. बऱ्याचदा मध्यरेषा जुळलेली असते आणि स्टडच टोकाला झुकलेला असतो.

यापेक्षाही साधी चाचणी म्हणजे शॉकअप बसवताना हातोडी लागते का ते बघणं. स्प्रिंग नसलेला शॉकअप वरच्या स्टडवर अडकवा, खाली आणा. तो खालच्या जागेत बोटांनी बसला पाहिजे, बोल्ट हातानं आरपार गेला पाहिजे. मिस्त्रीनं "थोडं ठोकून बसवलं" असं सांगितलं तर दोष तिथेच सापडला म्हणायचं.

आता पट्ट्या. २५ बाय ५ मिमीची एमएस, म्हणजे साध्या लोखंडाची, पट्टी घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. दोन तुकडे कापा आणि प्रत्येकावर एका टोकाला एक भोक, दुसऱ्या टोकाला तीन भोकं पाडा. पहिलं शॉकअपच्या पूर्ण उघड्या लांबीवर, मध्यभागापासून मध्यभागापर्यंत. दुसरं स्वार बसल्यावर शॉकअप जितका दबतो तितकं आत. तिसरं शॉकअप पूर्ण दबलेला, बंप रबरही चेपलेलं, तेवढ्या लांबीवर. शॉकअपच्या जागी या पट्ट्या लावा, चाक आणि चेन चढवा, आणि तिन्ही भोकांवर गाडी एकेकदा उभी करा.

नवी सीट, नवं मडगार्ड, रुंद टायर, ब्रेक रॉड, सायलेन्सरचा पाईप या सगळ्यांची खरी परीक्षा तिसऱ्या भोकावर होते. तिथे टायर आणि त्याच्या वरची कुठलीही वस्तू यांत कमीत कमी २० मिमी मोकळी जागा हवी. चाक डावी-उजवीकडे हातानं ढकलूनही बघा. शेडमध्ये उभी असताना छान दिसणाऱ्या गाड्या या भोकावर नापास होतात, आणि हे रस्त्यावर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

आपल्याकडे मडगार्डाचा अजून एक मुद्दा आहे, जो पुण्या-मुंबईच्या बिल्डरांना सुचत नाही. काळी माती. पहिल्या पावसानंतर शेतरस्त्यावरून शंभर फूट गेलात की टायरवर चिखलाचा थर गुंडाळला जातो. मडगार्ड टायरला चिकटून बसवलेलं असेल तर तो थर तिथे गच्च भरतो आणि चाक फिरायचंच थांबतं. फोटोत मडगार्ड टायरला लगटून असलेलं देखणं दिसतं; पण गाडी गेवराई-माजलगावकडे चालवायची असेल तर टायर आणि मडगार्डात बंप संपल्यावरही अंगठ्याची रुंदी सोडा.

स्टड, स्लीव आणि बोल्ट

रुंद टायरसाठी शॉकअप बाहेर घ्यावे लागतात. सगळे स्टडवर स्पेसर चढवून बाहेर घेतात. चेसीपासून शॉकअपचा मध्य २० मिमीवर होता तो १५ मिमीच्या स्पेसरनं ३५ वर गेला, म्हणजे त्याच धक्क्यात स्टडच्या मुळाशी येणारा वाकवणारा जोर पावणेदोन पट झाला. स्टड तोच, वेल्ड तेच. मग स्टड झुकतो, झुकला की रॉडवर पट्टी, पट्टी आली की गळती. स्पेसर लावायचाच असेल तर स्टडच्या बाहेरच्या टोकालाही आधार द्या: ५ मिमी प्लेटचा कान चेसीवरून बाहेर काढून बोल्ट दोन्ही बाजूंनी धरला जाईल असं करा. थोडं बोजड दिसतं. दिसू दे.

स्टड नवा करायचा तर ईएन-८ पोलादाचा करा. वाळूज, चिकलठाण्याला कुठलाही टर्नर तो करून देतो. बजाजचा कारखाना १९८५ ला वाळूजला आला आणि एन्ड्युरन्ससारखी शॉकअप बनवणारी कंपनी इथंच वाढली, त्यामुळे या गावात बारीक मापांची भाषा समजणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांना फक्त 'बसेल असा कर' म्हणू नका, माप लिहून द्या. ईएन-८ मध्ये कार्बन मध्यम असतो. थंड स्टड तसाच नळीला चिकटवला तर वेल्डच्या कडेला बारीक तडा जातो. आधी गरम करा, वेल्डिंगचा ७०१८ चा रॉड ओव्हनमध्ये सुकवून वापरा, आणि झाल्यावर पाणी ओतून गार करणाऱ्याला शेडबाहेर काढा.

वेल्डिंगआधी टाकी काढून लांब ठेवा, बॅटरीची वायर सोडा, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळच लावा. दूर लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्यात खड्डे पडतात. गॅस भरलेल्या शॉकअपजवळ ज्योत किंवा ग्राइंडर नकोच. आत नायट्रोजन दाबानं भरलेला असतो. चेसीच्या नळीवर ठिगळ मारायचं तर त्याची टोकं निमुळती ठेवा. चौकोनी ठिगळाचा वेल्ड नळीला आडवा बसतो आणि नळी पुढे त्याच रेषेवर फुटते.

पुढे-मागे पट्टी पडणाऱ्या शॉकअपचा इलाज मात्र पाच मिनिटांचा. रबरी बुशाच्या पोटात लोखंडी स्लीव असते. ती बुशाच्या घरापेक्षा दोन्हीकडून किंचित बाहेर आलेली पाहिजे, म्हणजे नट आवळला की वायसर स्लीववर टेकतो आणि शॉकअप रबरावर मोकळा फिरतो. स्लीव आखूड असेल किंवा कुणी ती काढूनच टाकली असेल तर नट थेट घरावर आवळला जातो आणि शॉकअप जखडतो. योग्य लांबीची स्लीव करून घ्या, झालं. बोल्ट ८.८ ग्रेडचा, नट नायलॉनवाला. बोल्टचे आटे स्लीवच्या आत येता कामा नयेत. गुळगुळीत भागच आत हवा. जुन्या बुलेटवर कितीतरी ठिकाणी इंग्रजी आटे आहेत. त्यावर मेट्रिक नट दोन फेरे जातो आणि मग अडतो. पाइप लावून तो पुढे नेऊ नका.

तळाला आपटणं: इथे जरा गणित आहे

रॉड स्वच्छ, बंप रबराचा चुरा. गाडी बॉबर केलेली, चिमटा लांबवलेला, शॉकअप मागे तिरके टाकलेले. मालकानं शॉकअपची खाच, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी कॉलर, शेवटच्या नंबरावर नेलीय आणि तरी स्पीड ब्रेकरवर 'ठक्क' होतंच.

खाच वाढवल्यानं स्प्रिंग ताठ होत नाही. स्प्रिंग कुठून दबायला सुरुवात करते एवढंच बदलतं. गाडी उंच उभी राहते, छोट्या खड्ड्यात कमी दबते, पण मोठ्या धक्क्यात जवळजवळ तितकीच खाली जाते. शिवाय वरच्या दिशेची मोकळीक संपल्यामुळे ती खड्ड्यात उडायला लागते.

खरी भानगड शॉकअपच्या कोनात आणि चिमट्याच्या लांबीत आहे. ती मोजायची पद्धत सोपी. शॉकअपमधून स्प्रिंग काढा, शॉकअप जागेवर ठेवा. मागचं चाक ५० मिमी उचला आणि त्या वेळी शॉकअप किती आखूड झाला ते मोजा. मूळ मांडणीत तो साधारण ४२ मिमी आखूड होतो असं समजू. ४२ भागिले ५० म्हणजे ०.८४, त्याचा वर्ग ०.७१. स्प्रिंगच्या ताठपणापैकी तेवढा भाग चाकाला मिळतो. वर्ग का, तर दोन्हीकडे एकेकदा मार बसतो: चाकाच्या तुलनेत स्प्रिंग कमी दबते, आणि जी दबते तिचा जोरही तरफेमुळे चाकापर्यंत कमीच पोचतो.

आता चिमटा ४५० चा ५२५ मिमी केला, खालचा माउंटिंग होता तिथेच ठेवला, आणि शॉकअप ४५ अंशांपर्यंत आडवा टाकला. चाक तेच ५० मिमी उचला. शॉकअप आता जेमतेम २७ मिमी आखूड होतो. ०.५४ चा वर्ग ०.२९. म्हणजे आधी चाकाला जो ताठपणा मिळत होता त्याच्या ४१ टक्के उरला. अर्ध्याहून कमी! शॉकअपमध्ये काहीही बिघडलेलं नाही आणि तरी गाडी तळाला आपटते. अशा गाडीवर तीच स्प्रिंग असलेले कुठल्याही कंपनीचे नवे शॉकअप टाका, हेच होणार.

पहिला उपाय कोन परत उभा करण्याचा. वरचा माउंटिंग मागे घेता येत नसेल तर खालचा पुढे न आणता एक्सलच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. शॉकअप चिमट्याशी काटकोनाच्या आसपास हवा, आणि दबत जाताना त्या काटकोनाकडे सरकला तर उत्तम. मग खोल धक्क्यात तो आपोआप ताठ होत जातो. साधे, गॅस नसलेले शॉकअप फार आडवे टाकले तर अजून एक दोष येतो: आतली हवा तेलाच्या वाटेत शिरते आणि सुरुवातीच्या हालचालीला डॅम्पिंगच, म्हणजे झोके आवरणारा तेलाचा अडसरच, मिळत नाही. उलटे टाकले तर विचारायलाच नको.

दुसरा उपाय ताठ स्प्रिंगचा. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. ७ मिमी तारेऐवजी ७.५ मिमीची तार, बाकी सगळं तेच, तर स्प्रिंग सुमारे ३२ टक्के ताठ. अर्धा मिमी डोळ्याला दिसतही नाही, म्हणून व्हर्निअर लावल्याशिवाय स्प्रिंग घेऊ नका. जुन्या स्प्रिंगचे वेढे कापून ताठ करण्याचा जुगाड सगळीकडे चालतो. १२ कामाच्या वेढ्यांपैकी २ काढले तर ती २० टक्के ताठ होते हे खरं, पण लांबी जाते, घासून सपाट केलेलं टोक जातं, स्प्रिंग तिरकी बसते आणि रॉडवर पुन्हा तीच पट्टी. गॅसकटरनं कापली असेल तर टोकाचं पाणीही उतरलेलं असतं. मी हे करून देत नाही.

स्प्रिंग ताठ केली आणि डॅम्पिंग तसंच ठेवलं तर गाडी झोके घेते. उघडता येणाऱ्या शॉकअपमध्ये जरा जाड तेल भरून ते जुळवता येतं; सीलबंद असेल तर ताठ स्प्रिंगची पूर्ण जोडीच घ्यावी लागते. मेमध्ये दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस अंशात तेल पातळ होतं, तेव्हा सकाळच्या गारव्यात जेमतेम जमलेली गाडी दुपारी डोलणार.

शेवटी दबण मोजा. चाकाचा एकूण प्रवास ८० मिमी असेल तर स्वार बसल्यावर मागची बाजू २५ मिमीच्या आसपास खाली बसली पाहिजे. मोजताना खराखुरा भार ठेवा. एकट्यानं बसून जुळवायचं आणि मग बायको-पोरासकट तुळजापूरला निघायचं, मग गाडी येडशीपर्यंत आपटत जाते.

शॉकअप काढून त्या जागी लोखंडी रॉड टाकणारेही भेटतात, 'हार्डटेल लुक' म्हणून. बुलेटला मागे स्विंग आर्म १९४९ पासून आहे. तिची चेसी धक्के स्प्रिंगमधून येणार हे धरून आखलेली आहे. रॉड टाकले की प्रत्येक खड्डा थेट वरच्या माउंटिंगच्या मुळाशी पोचतो. समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे, म्हणजे आपल्या वाट्याला उसाच्या ट्रॉल्यांनी खचलेले रस्तेच. तिथे ही चेसी किती दिवस तगेल, विचार करा.

चेन आणि चिमट्याचं बुश

लांब शॉकअप टाकून मागची बाजू उचलली की चेन चिमट्याच्या वरच्या अंगाला घासते. तिथे नायलॉनची पट्टी लावा, नाहीतर चेन नळी कापत जाते. चेनचा सैलपणा मेन स्टँडवर चिमटा लोंबकळत असताना तपासू नका. पुढचं स्प्रॉकेट, पिव्हॉट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते. पट्टीच्या मधल्या भोकाजवळ ही स्थिती सापडते. तिथे २० ते ३० मिमी सैल ठेवा. चिमटा ७५ मिमी वाढवला असेल तर चेनला साधारण १० कड्या जास्त लागतील, उरलेलं अॅडजस्टरवर. आणि शॉकअप २५ मिमीनं लांब केला तर १३७० मिमी व्हीलबेसच्या गाडीच्या पुढच्या फोर्कचा कोन एक अंशाहून थोडा जास्तच ताठ होतो. हँडल हलकं, जरा चंचल वाटायला लागतं. काहींना ते आवडतं. घाटात उतरताना मला नाही.

चाक डोलत असेल आणि शॉकअप-माउंटिंग सगळं सरळ असेल तर चिमट्याचं बुश बघा. चाक आणि शॉकअप काढून चिमट्याची टोकं धरा, डावी-उजवीकडे हलवा. पिव्हॉटची दोन बुशं २०० मिमी अंतरावर आहेत आणि त्यांत अर्धा मिमी खेळ आहे, तर ५२५ मिमीवरच्या एक्सलपाशी तो सव्वा मिमीच्या वर जातो. फॉस्फर ब्राँझचं बुश बसवताना एक गोष्ट कायम चुकते: लेथवर भोक नेमक्या मापाला करून मग प्रेस करतात. प्रेस केल्यावर बुश आवळतं, शाफ्ट अडतो, मग कुणीतरी गोल कानस फिरवतं. आधी प्रेस करा, नंतर दोन्ही बुशं एका रेषेत एकाच लांब रीमरनं, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्यारानं, काढा, आणि शाफ्टला ०.०३ ते ०.०५ मिमी मोकळीक ठेवा. ग्रीस निप्पल नसेल तर बसवा.

कागदपत्रं

थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. आणि गाडी ५० वर्षांच्या वरची असून तिची २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदणी करायची असेल तर तिची चेसी मूळ स्वरूपात हवी. मागची नळी कापण्याआधी कोणती वाट धरायची ते ठरवा, कापल्यानंतर नाही. बोल्टनं चढणारे सब-ब्रॅकेट करून मूळ चेसीला हात न लावता बरंच काही साधता येतं.

बसवल्यानंतर

शॉकअपच्या रॉडवर घट्ट बसणारी रबरी रिंग चढवा, नाहीतर प्लास्टिकची टाय सैलसर आवळून सीलपाशी सरकवून ठेवा. रोजच्या रस्त्यावर एक चक्कर मारा, एखादा मोठा ब्रेकर मुद्दाम नेहमीच्या वेगानं घ्या. रिंग किती सरकली ते दोन्ही बाजूंना मोजा. प्रवासाच्या शेवटाला ८-१० मिमी शिल्लक असतील तर जमलं. रिंग टोकालाच टेकली तर स्प्रिंग मऊ, निम्म्यावरच थांबली तर स्प्रिंग फार ताठ किंवा शॉकअप कुठेतरी अडतोय. दोन्ही बाजूंत चार मिमीच्या वर फरक असेल तर एक बाजू जखडलेली आहे, पुन्हा स्लीवकडे जा.

अंबाजोगाईच्या गाडीला उजवा स्टड कापून नवा बसवला, लूपला आतून आडवी नळी दिली, शॉकअप मात्र सील बदलून तेच ठेवले, कारण पट्टी अजून नखाला फारशी लागत नव्हती. रॉडला खोल चरा असेल तर हार्ड क्रोम करून घ्यावा लागतो, नुसतं सील बदलून भागत नाही.

एवढं सगळं जुळूनही गळती त्याच बाजूला परत आली, तर मागच्या टायरच्या दोन्ही अंगांना दोरा लावून तो पुढच्या टायरपर्यंत ताणा. पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याचं अंतर सारखं नसेल आणि मागचा एक्सल दोन्ही अॅडजस्टरवर बरोबर असेल, तर चेसीच बाकलेली आहे. ते काम शेडमध्ये पट्ट्या आणि वायसर लावून होत नाही. इंजिन उतरवून चेसी जिगवर, म्हणजे ती पक्की धरून सरळ करायच्या सांगाड्यावर, न्या, आणि सरळ होऊन आली की ओळंब्यापासून सगळं पुन्हा मोजा.